सतरा नंबरचं घर

नऊच्या आत बावीस घरं गाठायची असतात मला.
स्कूटरला पुढं टोपली, मागं टोपली, खिशात वही.
शंकरपुऱ्याच्या लाल वाटांवरची कुत्री
आता माझ्यावर भुंकतसुद्धा नाहीत.
दारादारांतून बायका विचारतात, "मोयदीन, आज भाव?"
जसा काही मीच ठरवतो.

भाव दहाला फुटतो.
लग्नसराईत आभाळाला,
आटीच्या महिन्यात इतका खाली
की वाख भिजवल्याचे कष्टही वसूल होत नाहीत.
चार चेंडवांचा एक अट्टा.
चेंडू खेळायचा नव्हे,
शेकड्यांनी मुक्या कळ्या,
केळीच्या सोपाच्या वाखानं आवळलेल्या.
कळ्याच.
उमललेलं फूल मी घेत नाही.
त्यांनी उमलायचं ते संध्याकाळी, दुसऱ्याच्या दारी:
कल्याणपूरच्या नवरीच्या अंबाड्यात,
गिरिजा पुजारतीच्या सात महिन्यांच्या गरोदर लेकीच्या वेणीत,
कोलाच्या रात्री, ज्याच्या अंगात दैव येतं त्याच्या थरथरत्या मुठीत.
माझ्या बहिणीच्या मैलांजीला पाठ झाकेल एवढी मल्लिगे लागली.
पैसे रोख मोजले. सवलत नाही मिळाली.

सतरा नंबर सेव्हरीनबाय मथायस.
क्रूसामागं, विहिरीच्या कडेनं, पंचावन्न झुडपं.
पहाटे चारला कपाळाला बॅटरी बांधून खुडायची,
खाणीत उतरल्यासारखी.
मग ओसरीवर पाय पसरून बांधायला बसायची.
एका 'नमान मारिये'त चार कळ्या, एक गाठ.
प्रार्थना चुकली तर गाठ सोडायची
की गाठ चुकली तर प्रार्थना पुन्हा म्हणायची,
मला कधी कळलं नाही.
ह्या झुडपांवर धाकट्याचं कुवेतचं तिकीट निघालं,
विहिरीवर पंप बसला.
तिच्या डोक्यात मात्र मी एक कळी पाहिली नाही.
विचारलं तर म्हणाली,
"सोनार कधी बांगड्या भरतो काय रे?"

गेली ती एप्रिलात,
भाव ऐन चढलेला असताना.
त्या दिवशी तिच्या झुडपांना कुणी हात लावला नाही.
गिरिजानं आपला अख्खा अट्टा आणून पेटीत ठेवला.
सवयीनं मी वही काढली.
तिनं माझ्याकडं असं पाहिलं
की पेन आपसूक खिशात गेलं.

रात्री परतताना वळणावरच वास आला.
गेली अकरा वर्षं हाच वास माझ्या शर्टाला आहे,
धुऊन जात नाही, बायको कुरकुरते.
पण हा तो नव्हता.
हा अंगावर चालून येत होता.

दिवा न लावता ग्लॅडिस विहिरीच्या काठावर बसलेली.
समोर पंचावन्न झुडपं,
सगळीच्या सगळी उमललेली.
काळोखाला जागाच उरली नव्हती.
"चौदा वर्षं झाली ह्या घरात येऊन," ती म्हणाली,
"हे असं दिसतं होय?"
आणि जरा वेळानं,
"मामींनी पाहिलं असेल का रे कधी?"

मी स्कूटरला किल्ली लावली, फिरवली नाही.
फुलांतच भाकरी आहे माझी
आणि फूल मी नीट पाहत होतो
पहिल्यांदा.

सकाळी खाली सडा.
त्यातून कोंबड्या चालल्या होत्या, नेहमीसारख्या.

तिसऱ्या दिवशी सतरा नंबरला दोन चेंडू तयार होते.
गाठी सैल, कळ्या तीस-चाळीस कमी,
वाख नको तिथं सुटलेला.
दलालानं पैसे कापले.
बरोबरच होतं त्याचं.
मी ग्लॅडिसला सांगितलं, ती म्हणाली, "माहीत आहे,
नमान म्हणायला लागले की हुंदका मध्ये येतो, मोजणी चुकते."

वहीत सतरासमोर अजून जुनंच नाव आहे.
ग्लॅडिस म्हणते, बदल.
बदलीन.
आज भाव फुटायला उशीर झालाय,
आणि ऊन वाढतंय,
ओल्या फडक्याखाली कळ्या
दम धरून आहेत.